कार्ड खिशात, दवाखाना दूर: माजी सैनिकांची ईसीएचएस नेमकी अडते कुठं

आबांनी तोफखान्यात बावीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून पेन्शनीत आले. त्या रात्री छातीत कळ आली तेव्हा ते आधी उठले ते काळी ट्रंक उघडायला. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आतलं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि मगच ते खाटेवर टेकले. "हे घे. आपल्याला पैसे लागत नाहीत," म्हणाले.

आमचं गाव नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाला लागून असलेल्या कोपऱ्यात आहे. जीप करून शहरातल्या हॉस्पिटलात पोचायला दोन तास गेले. हॉस्पिटल ईसीएचएसच्या पॅनलवरचं, म्हणजे योजनेशी करार असलेलं होतं, तसा बोर्ड भिंतीवर होता. काउंटरवरच्या मुलानं कार्ड बघितलं आणि परत दिलं. "ताई, ईसीएचएस सध्या घेत नाही. आमची बिलं अडकलीत. पन्नास हजार भरा, पेशंटला वर घेतो." मेव्हण्याला फोन केला, पैसे मागवले, भरले. स्ट्रेचरवरून आबा दोनदा विचारत होते, "कार्ड दाखवलंस का गं? नीट दाखव." त्यांना वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलंय.

आबा आता बरे आहेत. माझं तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं केंद्र आहे. त्या रात्रीनंतर मी रविवारचा दिवस माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कागदपत्रांसाठी ठेवला. चार-पाच वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. योजना चांगली आहे, हक्काची आहे, आणि तरीही उपचार माणसापर्यंत येईपर्यंत मधे कुठंतरी अडतो. तो कुठं अडतो, हे बहुतेकांना दवाखान्याच्या दारात, पेशंट हातावर असताना कळतं. ते आधी कळावं म्हणून हे लिहिते आहे.

योजना मुळात काय आहे

ईसीएचएस म्हणजे एक्स-सर्व्हिसमेन काँट्रिब्युटरी हेल्थ स्कीम. १ एप्रिल २००३ पासून ती सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवानाला आधार होता तो मुख्यतः मिलिटरी हॉस्पिटलचा, आणि तिथंही सेवेतल्या जवानांना पाहून जागा उरली तर. परभणी-हिंगोलीच्या माणसाला त्या सोयीचा उपयोग किती, हे सांगायला नको.

नावातला 'काँट्रिब्युटरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. निवृत्त होताना जवानाकडून एकदाच वर्गणी कापून घेतात. डिसेंबर २०१७ च्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ही वर्गणी माफ आहे, युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींनाही माफ आहे. म्हणून कुणी "सरकार फुकट देतंय, मग गुपचूप घ्या" असं बोललं तर ऐकून घेऊ नका. तुम्ही आधी सेवा दिली आहे आणि वर पैसेही भरले आहेत.

त्या बदल्यात मिळतं ते मोठं आहे. उपचाराच्या खर्चाला एकूण मर्यादा नाही. वयाची अट नाही. आधीपासून असलेला आजार चालतो. खाजगी विम्याची कुठलीही पॉलिसी सत्तरीच्या माणसाला असं काही देणार नाही. जवान, त्याची पत्नी, पंचवीस वर्षांच्या आतला अवलंबून मुलगा, लग्न किंवा नोकरी होईपर्यंत मुलगी, अपंग मूल कायमचं, आणि आई-वडील, ज्यांचं उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा कमी आहे, एवढे सगळे त्यात येतात.

चालण्याची रीत अशी. आधी कार्ड. मग पॉलिक्लिनिक, म्हणजे ईसीएचएसचा स्वतःचा दवाखाना, जिथं डॉक्टर तपासतात आणि गोळ्या देतात. तिथं भागलं नाही तर डॉक्टर रेफरल देतात, ते घेऊन पॅनलवरच्या खाजगी हॉस्पिटलात जायचं. तिथं पैसे भरायचे नाहीत. हॉस्पिटल आपलं बिल ऑनलाइन पाठवतं आणि सरकार ते भागवतं. पुण्यात किंवा देवळालीत राहणाऱ्याला हे सगळं एका रिक्षाच्या अंतरात आहे.

आधी हे बघा, की तुम्ही यात बसता का

दर रविवारी एकतरी माणूस असा येतो, ज्याला उठवून सांगावं लागतं की काका, ही योजना तुमची नाही. फार वाईट वाटतं. लातूर आणि मुदखेडला सीआरपीएफची, चाकूरला बीएसएफची प्रशिक्षण केंद्रं आहेत, आपल्याकडची पुष्कळ पोरं या दलांत गेली. गावात त्यांना फौजीच म्हणतात आणि ते बरोबरही आहे. पण ही दलं गृह मंत्रालयाकडं आहेत आणि ईसीएचएस संरक्षण मंत्रालयाची. सीआरपीएफ, बीएसएफच्या निवृत्तांसाठी सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना आहे, तिचा अर्ज वेगळा, दवाखाने वेगळे.

दुसरे, पेन्शन न मिळता बाहेर पडलेले. घरची अडचण किंवा तसं काही कारण असेल, स्वतःहून पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत नाव कमी करून आलेल्या साध्या जवानाला पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. अशांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केंद्रीय सैनिक बोर्डाकडं गंभीर आजाराच्या मदतीचा अर्ज करता येतो. ती मदत मर्यादित असते, पण हवालदारापर्यंतच्या कितीतरी माजी सैनिकांना ती आहे हेच माहीत नसतं. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू आहे, तिचा आधार घ्यावा.

तिसरे, अग्निवीर. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. आमच्या तालुक्यातली पोरं पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. भरतीच्या अकादमीत छाती, उंची, सोळाशे मीटर सगळं सांगतात, हे कुणी सांगत नाही. आईबापांनी तरी माहीत करून घ्यावं. मला स्वतःला हे फार टोचतं.

नावातली एक वेलांटी

कार्डावर बोलायला लागले तर दिवस पुरणार नाही, इतकी यात माणसं अडकली आहेत.

आता कुटुंबातल्या प्रत्येकाचं कार्ड वेगळं असतं, त्याला चौसष्ट केबीचं कार्ड म्हणतात. जुनी कार्डं बंद झाली. अर्ज ऑनलाइन आहे. तो भरताना डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार आणि पॅन या सगळ्यांवरचं नाव आणि जन्मतारीख जुळावी लागते. इथंच घोडं अडतं. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी पलटणीतल्या क्लार्कनं हिंदीत ऐकून इंग्रजीत लिहिलेलं नाव, त्यात बायकोचं नाव तर जवानानं तोंडी सांगितलेलं. समजा घरात सगळे 'गोदाबाई' म्हणतात म्हणून त्यानं तेच सांगितलं. आधार काढताना शाळेच्या दाखल्यावरून 'गोदावरी' आलं. जन्मतारखेचं विचारूच नका. आपल्याकडं एका पिढीच्या अर्ध्या बायकांची जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी आहे, ती गुरुजींनी लावलेली, आणि फौजेच्या कागदावर तिसरीच.

मागच्या उन्हाळ्यात एक मावशी आल्या, वय सत्तरच्या पुढं. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. पदराच्या गाठीत बांधलेली एक चिठ्ठी होती, तिच्यावर कुणीतरी तीन कार्यालयांची नावं लिहून दिलेली. तिन्हीकडं जाऊन आल्या होत्या. नवरा होता तोवर त्याच्या नावावर जुन्या कार्डानं गोळ्या मिळत होत्या, बीपीच्या आणि साखरेच्या. तो गेला, कार्ड बंद झालं, नवीन कार्डाला नाव जुळेना. दोन वर्षं त्या मेडिकलमधून गोळ्या विकत घेत होत्या, आणि पैसे पुरावेत म्हणून एक दिवसाआड खात होत्या. हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की माझा हात कीबोर्डवरच थांबला.

यावर उपाय आहे, वेळ लागतो एवढंच. नाव दुरुस्त होतं ते पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, प्रत्येक रेजिमेंटचं आपापल्या ठिकाणी. तिथं स्वतः जायची गरज नसते. 'गोदाबाई आणि गोदावरी ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत, पीपीओची प्रत, डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान असं सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासह पाठवतात. रेकॉर्ड ऑफिसनं दुरुस्त नाव आपल्या आदेशात प्रसिद्ध केलं की पीपीओ दुरुस्त होऊन येतो. मग तीच दुरुस्ती पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर दिसते का हे तपासायचं. मावशींचं काम सात महिन्यांत झालं. माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, की हे काम जवान जिवंत आणि चालताफिरता असताना करून घ्या. त्याच्या एका सहीनं होतं ते, मागून बायकोला दहा सह्यांनी होत नाही.

पॉलिक्लिनिक इतकं लांब का

याचं उत्तर समजून घेतलं की निम्मा राग योग्य जागी जातो.

पॉलिक्लिनिक कुठं काढायचं आणि केवढं काढायचं, हे त्या भागात माजी सैनिक किती आहेत यावर ठरतं. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर या पट्ट्यांत पिढ्यान्पिढ्या घरटी माणूस फौजेत. तिथं दाट वस्ती आहे, म्हणून सोयही जवळ आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, इथली फौजेतली भरती त्या पट्ट्याएवढी कधी दाटली नाही. खरं तर जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं एकेकाळी हैदराबाद काँटिन्जंट या निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या फौजेच्या छावण्या होत्या. आज मराठवाड्यात छावणी म्हणावी अशी एकच उरली, छत्रपती संभाजीनगरची, आणि मिलिटरी हॉस्पिटलही तिथंच. आठ जिल्हे, चौसष्ट हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा मुलूख, आणि त्यात विखुरलेले माजी सैनिक. कुठल्या गावात दोन, कुठल्या गावात पाच. नियम माणसं मोजतो, अंतर मोजत नाही. ही त्रुटी आहे असं मला ठामपणे वाटतं. जिथं माणसं विरळ आहेत तिथं फिरता दवाखाना जायला हवा, आणि तो ठरल्या दिवशी जायला हवा.

आमच्या गावापासून आमचं पॉलिक्लिनिक नव्वद किलोमीटरवर आहे. आबा पंचाहत्तरीचे झाले म्हणून एसटी त्यांना फुकट, आईला अर्धं तिकीट. म्हणजे पैशाचा भार हलका झाला, दिवसाचा नाही. सकाळी सहाची गाडी धरायची, दहाला पोचायचं, नंबर लागेपर्यंत बारा. डॉक्टर चांगले बोलतात, बीपी बघतात, गोळ्या लिहितात. खिडकीवर पाचातल्या तीन गोळ्या मिळतात. परतीची गाडी हुकली तर रात्र होते. तोफांच्या आवाजानं आबांना कमी ऐकू येतं, नाव पुकारलेलं कळत नाही, म्हणून आईला बरोबर जावंच लागतं. दोन म्हाताऱ्या माणसांचा अख्खा दिवस तीन पाकिटांसाठी जातो. मग हळूहळू माणूस जायचंच सोडतो. बीपी, साखर अशा आजारांत हे सोडणं किती महाग पडतं, ते त्या रात्री आम्ही पाहिलं.

पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर नाही अशी तक्रार बरेच जण करतात. तिथले डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट कायम नोकरीतले नसतात, कंत्राटावर ठराविक मानधनावर घेतलेले असतात. ज्या भागात ग्रामीण रुग्णालयांनाच फिजिशियन मिळायची मारामार, तिथं कंत्राटावर कोण टिकणार? एक डॉक्टर रजेवर गेला की नव्वद किलोमीटरवरून आलेला माणूस तसाच परत. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून डॉक्टर आहेत का, आपली गोळी आली आहे का, एवढं विचारून निघा. न मिळालेल्या गोळीसाठी चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही' असा शेरा आणि शिक्का मारून घ्या. त्या शेऱ्यावर बाहेरून घेतलेल्या गोळीचे पैसे नियमाप्रमाणे मागता येतात. शेरा नसेल तर काही मागता येत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कार्डावर तुमचं मूळ पॉलिक्लिनिक एक असलं तरी देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये तपासून घेता येतं, आणि मूळ पॉलिक्लिनिक बदलूनही घेता येतं. मराठवाड्याच्या कडेला राहणाऱ्यांना हे फार उपयोगाचं आहे. आष्टीच्या माणसाचा आजारपणाचा रस्ता अहिल्यानगरला जातो, धाराशिवचा सोलापूरला, उदगीर-देगलूरकडचा हैदराबादला. ज्या गावाला तुमची एसटी थेट जाते आणि जिथं लेक किंवा भाऊ राहतो, तिथलं पॉलिक्लिनिक सोयीचं असेल तर तसं करून घ्या.

हॉस्पिटल 'नाही' का म्हणतं

त्या काउंटरवरच्या मुलाचा मला तेव्हा संताप आला होता. पुढं कळलं, की त्याच्या पाठीमागंही एक कारण उभं आहे.

ईसीएचएस हॉस्पिटलला पैसे देते ते सीजीएचएसच्या ठरलेल्या दरांनी. या दरांची मोठी फेररचना २०१४ नंतर झाली ती थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधली अकरा वर्षं किरकोळ बदल सोडले तर जुनेच दर. त्यात शहरांचे तीन वर्ग आहेत, एक्स, वाय आणि झेड. पुणे, मुंबई एक्समध्ये. आपल्याकडचं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड वायमध्ये. लातूर, परभणी, बीड, जालना, धाराशिव, हिंगोली झेडमध्ये. नव्या दरांत वाय शहराला एक्सपेक्षा १० टक्के कमी मिळतात आणि झेडला २० टक्के कमी. हॉस्पिटलकडं एनएबीएच हे गुणवत्तेचं मानांकन नसेल तर आणखी १५ टक्के कमी. म्हणजे ज्या कामाचे पुण्यातल्या मानांकित हॉस्पिटलला १०० रुपये मिळतात, त्याच कामाचे झेड शहरातल्या मानांकन नसलेल्या हॉस्पिटलला ६८ रुपये.

लहान गावात खर्च कमी असतो, असा यामागचा विचार आहे. जागेच्या भाड्याला तो लागू पडेल. पण अँजिओग्राफीचं मशीन लातूरला काही स्वस्त मिळत नाही, स्टेंट तोच, आणि हृदयाच्या डॉक्टरला लहान शहरात थांबवायचं तर जास्तच पैसे मोजावे लागतात. त्यावर बिलं महिनोन्‌महिने अडकतात, कापून मिळतात. पुण्याचं मोठं हॉस्पिटल हे सोसतं. तीस खाटांचं हॉस्पिटल सोसत नाही, ते हळूच ईसीएचएसचे पेशंट घ्यायचं टाळतं. देशाच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, २०१५ मध्ये ईसीएचएसच्या कारभारावर वेगळा अहवाल दिला होता, त्यातही औषधांच्या तुटवड्यावर आणि बिलांच्या व्यवहारावर ताशेरे आहेत. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि सरकारला ठाऊक आहे.

एक बारकावा. हॉस्पिटल पॅनलवर असलं तरी सगळ्या आजारांसाठी असेलच असं नाही. कुणी फक्त डोळ्यांसाठी असतं, कुणी दातांसाठी, कुणी हाडांसाठी. करारालाही मुदत असते, ती संपून नवा करार झालेला नसतो आणि भिंतीवरचा बोर्ड मात्र तसाच राहतो. म्हणून वर्षातून एकदा पॉलिक्लिनिकमध्ये विचारून आपल्या जवळचं कुठलं हॉस्पिटल हृदयासाठी, कुठलं मेंदूसाठी, कुठलं किडनीसाठी सध्या चालू आहे, हे लिहून आणा. आमच्याकडं ती चिठ्ठी नव्हती.

रात्री-अपरात्री काय करायचं

हा भाग घरातल्या पोरासोरांनाही वाचून दाखवा.

जिवावर बेतलेलं असेल तेव्हा रेफरल लागत नाही. हार्ट अटॅक, लकवा, अपघात, बेशुद्धी, असं काही असलं की सरळ पॅनलवरच्या हॉस्पिटलात जायचं, कार्ड दाखवायचं. पुढं ऑनलाइन कळवायचं काम हॉस्पिटलचं असतं आणि पैसे मागायचा त्यांना हक्क नसतो. तरी नकार दिला तर 'घेत नाही' हे लिहून मागा. बरेचदा लिहून द्यायची वेळ आली की मार्ग निघतो. निघाला नाही तर तिथं भांडत बसू नका. माणूस आधी. पैसे भरा, पावती घ्या, नकार देणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा. पॉलिक्लिनिकच्या प्रमुख अधिकाऱ्याकडं आणि ईसीएचएसच्या रिजनल सेंटरकडं लेखी तक्रार नंतर करता येते.

जवळ पॅनलवरचं हॉस्पिटलच नसेल तर जे जवळ असेल तिथं जा. किनवटच्या डोंगरातून पेशंट पॅनल शोधत शंभर किलोमीटर न्यायचा नाही. पण मग एक घड्याळ सुरू होतं, ४८ तासांचं. भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायलाच लागतं. फोन करा, आणि नुसत्या फोनवर न राहता ईमेल किंवा लेखी अर्ज कुणाच्या तरी हातानं पाठवून पोच घ्या. आमच्या हॉस्पिटलनं पॅनलवर असूनही कार्ड घेतलं नव्हतं, म्हणजे आम्हीही कळवायला हवं होतं, पण हे माहीत नव्हतं. आम्ही पाचव्या दिवशी गेलो, आबांना डिस्चार्ज मिळाल्यावर, पेढे घेऊन.

पुढं परताव्याच्या अर्जाला डिस्चार्ज कार्ड, बाबवार फोडलेलं मूळ बिल, मूळ पावत्या, स्टेंट बसवला असेल तर त्याचं स्टिकर, कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक लागतो. आणि 'पेशंटला आणलं तेव्हा त्याच्या जिवाला धोका होता' असं डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. हे हॉस्पिटल सोडतानाच घ्या. नंतर ते डॉक्टर दुसरीकडं गेलेले असतात, फाइल सापडत नसते. आमचा अर्ज त्या एका कागदासाठी दोनदा परत आला. शेवटी पैसे मिळाले ते चौदा महिन्यांनी, भरले होते त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. परतावा सीजीएचएसच्या दरांनी मिळतो, हॉस्पिटलनं लावलेल्या बिलानं नाही.

वय वंदना कार्डाचा गोंधळ

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं. गावात शिबिर लागतं, सगळे रांगेत उभे राहतात, तसे आपले फौजीही राहतात. पण ईसीएचएसच्या सदस्याला दोन्ही चालत नाहीत, एकच निवडावं लागतं. एकीकडं पाच लाखांची मर्यादा आणि त्यात ओपीडीच्या रोजच्या गोळ्या नाहीत, दुसरीकडं मर्यादा नाही आणि गोळ्या आहेत. ज्याला जवळच्या गावात आयुष्मानचं हॉस्पिटल आहे आणि ईसीएचएसचं काहीच नाही, त्याला वाटतं हेच घ्यावं. मी त्याला चुकीचं म्हणणार नाही, पण अंगठा लावायच्या आधी घरच्यांशी बोला. किडनीचं डायलिसिस किंवा कॅन्सर निघाला तर पाच लाख किती दिवस पुरतात, याचा हिशोब करून बघा.

जे कुणी बोलत नाही

माजी सैनिक म्हटलं की पांढऱ्या मिशांचा म्हातारा डोळ्यांपुढं येतो. खरं तर शिपाई वयाच्या पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. लेकरं शाळेत असतात. त्यातले काही जण रात्री झोपत नाहीत, लहानशा आवाजानं दचकतात, घरात कुणाशी बोलत नाहीत, पिणं वाढतं. गावात म्हणतात, फौजी तापट असतोच. ईसीएचएसमध्ये मनाच्या आजारावरही उपचार आहेत, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचार तज्ज्ञाकडं रेफर होता येतं. पाच वर्षांत माझ्याकडं यासाठी एकच बाई आली, तीही केंद्र बंद करायच्या वेळी, बाहेर कुणी नाही हे बघून. तिनं विचारलं, "हे बी कार्डावर होतं का हो ताई?" होतं. गुडघे दुखतात म्हणून जसं जाता येतं, तसंच यासाठीही जाता येतं. नवरा तयार होईना तर तिनं एकटीनं जाऊन डॉक्टरांशी बोललं तरी सुरुवात होते.

आमच्या घरी ट्रंक आता कोपऱ्यातच आहे, पण कार्डं तिच्यात नाहीत. दाराजवळच्या खुंटीला खाकी पिशवी अडकवलेली असते. तिच्यात दोघांची कार्डं, आधार आणि पीपीओच्या प्रती, चालू गोळ्यांची चिठ्ठी, पॅनलवरच्या हॉस्पिटलांची यादी आणि एक कोरा अर्ज, ज्यावर फक्त तारीख आणि हॉस्पिटलचं नाव घालायचं बाकी आहे. आईला वाचता येत नाही, आकडे मात्र येतात. म्हणून पिशवीवर पॉलिक्लिनिकचा फोन नंबर मी मार्करनं बोटभर उंचीच्या आकड्यांत लिहिला आहे, आणि त्याखाली '४८'.